खंडेनवमी आणि नानांचं रिव्हॉल्व्हर

या शनिवारी जरा वेगळा विषय. नेहमीचं ट्रॅफिक, अप्रेझल आणि मिसळ बाजूला ठेवून आज चक्क रिव्हॉल्व्हर! दचकू नका, मी काही कंबरेला लावून फिरत नाही :-) मी आपला चारचौघांसारखा हिंजवडीच्या बसमध्ये पेंगणारा माणूस. पण आमच्या घरात एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, गेली बावीस वर्षं आहे, आणि त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात घोळत होतं. परवा खंडेनवमीला गावी जाऊन आलो आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

गाव म्हणजे सायखेडा. तालुका निफाड, जिल्हा नाशिक. नाशिकहून चांदोरीला आलात की गोदावरीवरचा पूल लागतो, तो ओलांडला की आमचं गाव. कांदा, द्राक्षं आणि ऊस. पावसाळ्यात बातम्यांमध्ये ज्या पुलाला पाणवेली अडकलेल्या दाखवतात ना, तोच हा पूल. नाशिककरांना पिस्तूल म्हटलं की १९०९ साल आठवतं, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. आमच्या घरच्या हत्याराला असला काही इतिहास नाही. नाना, म्हणजे माझे वडील, मळ्यात वस्तीवर राहायचे. आजूबाजूच्या वस्त्यांवर चोऱ्या व्हायला लागल्या, द्राक्षाचे पैसे घरात असायचे, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. चौकशा झाल्या आणि २००३ साली परवाना मिळाला. बस.

वस्तू म्हणाल तर साधीच. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. आपल्याकडे ९ मिमीसारखे लष्कर-पोलिसांचे बोअर सामान्य माणसाला मिळत नाहीत, म्हणून परवानाधारकांकडे हे .३२ इतकं दिसतं. वजन पाऊण किलोच्या आसपास. वरची कळ दाबली की नळी पुढे खाली झुकते, बिजागरीवर दार उघडावं तशी, आणि गोळ्या बसतात ती गोल चकरी आख्खी उघडी पडते. काडतुसांच्या पितळी बुडावर 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरं. म्हणजे आपल्या पुण्यातल्याच खडकीच्या कारखान्याची. रोज ज्या खडकीवरून मी कॉलेजला जायचो, तिथला माल आमच्या कपाटात!

आता या वस्तूचं घरातलं आयुष्य सांगतो. वर्षातले ३६४ दिवस लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, चामड्याच्या पाकिटात. आणि एक दिवस पाटावर. तो दिवस म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे विळे, कोयते, कुऱ्हाड, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्या, पाना, स्प्रेयरची गन असं सगळं मांडलं जायचं आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वर पळीभर पाणी. मग नाना ते धोतराच्या सोग्याला पुसायचे, बोटाने थोडं खोबरेल तेल फिरवायचे आणि परत पाकिटात. बावीस वर्षांत त्यांनी ते झाडलं असेल दोनदा, तेही सुरुवातीला, दाखवणाऱ्या माणसासमोर. उघडून आतून साफ केलेलं तर मी कधीच बघितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत मला त्यात काही चुकीचंही वाटलं नव्हतं.

मग आला ऑगस्ट २०१९. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरी फुगली आणि सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं. तोवर नाना-आई वस्तीवरून गावातल्या घरात राहायला आले होते. रात्री आधी जनावरं हलवली, मग माणसं. कपाटाला कुलूप होतं आणि कपाटाकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. पाणी उतरल्यावर घरात घोटाभर गाळ होता. कपाटाच्या खालच्या खणातले साड्या, सातबारे, विम्याचे कागद सगळे लगदा झाले. रिव्हॉल्व्हर नानांनी बाहेरून पुसलं, खोबरेल लावलं आणि ठेवून दिलं. त्या आठवड्यात त्याहून मोठी दुःखं होती, त्यामुळे त्यांना दोष देणार नाही.

सप्टेंबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांना हत्यार जमा करायला सांगतात, तशी नानांना नोटीस आली. मी त्या वीकेंडला गावीच होतो. सकाळी पोहे खाऊन आम्ही ओसरीवर बसलो होतो, माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, ती खाली चटईवर खडूने काहीतरी रेघोट्या मारत होती. नानांनी कपाटातून पाकीट आणलं, रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि माझ्या हातात द्यायला हात पुढे केला. नळी आधी माझ्या पोटाकडे, मग चटईकडे.

"नाना, भरलेलं नाही ना?"

"खाली आहे रे. कधीचं खालीच आहे."

"बघितलं तुम्ही?"

"अरे बघायचं काय त्यात? माझं मला ठाऊक नाही का? हे बघ, दाबूनच दाखवतो..."

आणि त्यांनी नळी भिंतीकडे करून चापावर बोट ठेवलं.

मी त्यांचं मनगट धरलं. वडिलांचं मनगट असं धरायची आयुष्यातली पहिलीच वेळ. "नाना, थांबा. आधी उघडू." मुलीला आईने आत नेलं. कळ गाळाने आणि गंजाने जाम झाली होती, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावल्यावर सरकली. नळी भिंतीकडेच ठेवून झुकवली. चकरीच्या सहा भोकांपैकी पाच रिकामी होती. सहाव्यात एक काडतूस होतं, बूड हिरवट पडलेलं.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बिबट्या आला होता मागच्या साली. हवेत बार काढावा म्हणून एक घातली होती." (निफाडच्या उसात बिबटे हा आता कोणाला नवलाचा विषय राहिलेला नाही.) बिबट्या आला, कुत्रं घेऊन गेला, बार काढावा लागलाच नाही आणि गोळी आत राहिली. नंतरची खंडेनवमी तशीच झाली. म्हणजे २०१८ साली आम्ही पाटावर भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवून, त्याला हळदकुंकू वाहून, त्याच्यासमोर पोराबाळांना नमस्कार करायला लावलं होतं.

ते काडतूस पाण्यात भिजून निकामी झालं होतं की नाही, देव जाणे. चाप दाबला असता तर तेच भोक घोड्यासमोर आलं असतं की नाही, तेही देव जाणे. सहात एक. भिंत विटांची होती, पण चाळीस वर्षं जुनी. त्या रात्री मी झोपलो नाही, एवढंच सांगतो.

*

आता थोडा माझ्यातला इंजिनिअर बोलतो. आपल्या धंद्यात एक जुनं वाक्य आहे, 'माझ्या मशीनवर चालतं.' नानांचं 'खाली आहे' हे अगदी त्याच जातीचं वाक्य. खोटं कोणीच बोलत नसतं. आपण शेवटचं बघितलं तेव्हाची आठवण सांगत असतो आणि ती आजची परिस्थिती आहे असं समजतो. मधल्या काळात बिबट्या येऊन गेलेला असतो. आणि रिकामं आहे हे सिद्ध करायला चाप दाबणं म्हणजे थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग! फरक एवढाच की इथे रोलबॅक नाही.

मला हे थोडंफार कळत होतं ते कॉलेजातल्या एनसीसीमुळे. .२२ ची रायफल, वर्षातून मोजक्या गोळ्या. पण फायरिंग संपलं की उस्ताद ओरडायचा, "निरीक्षण के लिए, जाँच शस्त्र!" आणि प्रत्येकाने बोल्ट मागे ओढून रिकामं चेंबर दाखवायचं. तो एकेकाचं वाकून बघायचा. शेजारच्याचं आत्ताच बघितलंय, आपण तर एकही गोळी मारली नाही, असलं काही चालायचं नाही. तेव्हा आम्ही वैतागायचो. आता वाटतं, सगळ्या एनसीसीत शिकण्यासारखं ते एकच होतं.

अमेरिकन मरीन अधिकारी जेफ कूपर याचे चार नियम जगभरच्या शूटिंग रेंजवर शिकवतात. एक, प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरा. दोन, ज्याला इजा व्हावी असं वाटत नाही त्याच्याकडे नळी कधीही करू नका. तीन, निशाणा धरेपर्यंत चापावर बोट नको. चार, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. आमच्या ओसरीवर त्या सकाळी एका मिनिटात हे चारही मोडले गेले. पण या चारातली खुबी अशी की ते एकमेकांना सांभाळून घेतात. एक चुकला तरी दुसरा पाळला असेल तर माणूस वाचतो. आपण सर्व्हरला जशी एकावर एक रिडंडन्सी ठेवतो, तसंच.

हत्यार रिकामं करताना क्रमालाही फार किंमत आहे. आमचं रिव्हॉल्व्हर त्या मानाने सोपं: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, कळ दाबून उघडा, काडतुसं बाहेर, मग सहाही भोकं डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपून बघा. अंधारात डोळा फसतो, बोट सहसा फसत नाही. मॅगझिनवाल्या पिस्तुलात मात्र भलेभले चुकतात. त्यात आधी मॅगझिन काढायचं आणि मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर काढायची. हाच क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर काय होईल? पहिली गोळी बाहेर पडेल, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवेल आणि तुम्ही मॅगझिन काढून 'झालं रिकामं' म्हणाल. दोन्ही कामं केली, एकही पायरी गाळली नाही, तरी हत्यार भरलेलं! शिवाय काही पिस्तुलं अशी आहेत की ती खोलण्यासाठी मध्ये एकदा चाप दाबावाच लागतो. साफ करताना गोळी सुटली अशा बातम्या आपण वाचतो, त्यातल्या काहींचं मूळ इथे असतं. हत्यार 'साफ करताना' सुटत नाही, साफ करण्याआधी जे बघायचं ते बघितलेलं नसतं.

स्पर्धेतल्या नेमबाजांनी याच्यावर फार साधा उपाय काढलाय. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, ते आठवत असेल. त्या पातळीच्या रेंजवर हत्यार नुसतं टेबलावर ठेवलं तरी त्याच्या चेंबरमध्ये भडक रंगाचा 'सेफ्टी फ्लॅग' घालून ठेवावा लागतो. म्हणजे दहा फुटांवरून कोणालाही दिसावं, आत गोळी नाही. हातातलं हत्यार कितीही मोठ्या खेळाडूचं असो, शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. पुरावा दिसला पाहिजे. आपल्याकडे मात्र 'रिकामं आहे' हा शब्द द्यायचा असतो आणि 'दाखवा' म्हणणं म्हणजे अपमान. मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे.

*

हत्यार जमा करून परत मिळाल्यावर मी नानांना घेऊन नाशिकला एका परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. (ते भिजलेलं काडतूस आधीच रीतसर स्वाधीन केलं होतं. असली काडतुसं कचऱ्यात, चुलीत किंवा नदीत टाकायची नसतात आणि 'बघू चालतं का' म्हणून वापरायची तर मुळीच नाहीत.) म्हाताऱ्या कारागिराने रिव्हॉल्व्हर उघडलं, नळीतून उजेडाकडे बघितलं आणि नानांनाच विचारलं, "काय लावता हो याला?"

"खोबरेल."

तो हसला. म्हणाला, केसांना लावा, याला नको. वनस्पती तेल हवेत राहून चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि आतल्या बारीक भागांत डिंकासारखी पुटं तयार होतात. आमच्या रिव्हॉल्व्हरची चकरी जड फिरत होती ती गाळामुळे कमी आणि सोळा वर्षांच्या खोबरेलामुळे जास्त. चामड्याचं पाकीटही त्याने बाजूला काढायला लावलं. चामडं ओलावा धरतं आणि कमवताना वापरलेल्या रसायनांनी पोलादावर डाग पडतात. पाकीट हे नेण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. नळीत गाळाचा थर होता. नळीत अडथळा असताना गोळी झाडली तर नळी फुगू शकते, फाटू शकते. पूर सोडा, आमच्याकडे कुंभारीण माशीही कुठल्याही भोकात मातीचं घर बांधते, तिला काय, नळी आणि कडीचं भोक सारखंच.

मग त्याने आम्हाला दोघांना समोर बसवून साफ करायचं शिकवलं. त्यात अवघड असं काही नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत, टेबलावर एकही नको. खिडकी उघडी, जवळ खाणंपिणं नको, कारण काजळीत शिसं असतं. नळीतून आधी ब्रश, मग सॉल्व्हंट लावलेली फलालीनची चिंधी, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. सहाही भोकं तशीच. शेवटी हत्याराच्या तेलाचा हलका हात. हलका म्हणजे बोटाला लागलं तर चमकावं, ओघळू नये. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असं नाही. तेल झिरपून काडतुसात गेलं तर काडतूस निकामी होतं आणि साचलं तर धूळ धरतं. हात साबणाने धुवायचे. सगळं मिळून वीस मिनिटं. आपल्याला स्टँडअप मीटिंगला याहून जास्त वेळ लागतो.

आणि त्याने एक गोष्ट बजावली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्क्रूला हात लावायचा नाही. मालकाने जेवढं सहज उघडतं तेवढंच उघडायचं. आतला चाप, घोडा, स्प्रिंगा हा सगळा भाग परवानाधारक कारागिराचा. आपल्या लोकांना (म्हणजे माझ्यासारख्यांना) स्क्रूड्रायव्हर दिसला की हात शिवशिवतात. मीही लहानपणी रेडिओ खोलून तीन स्क्रू उरवले आहेत. पण रेडिओत स्क्रू उरला तर विविधभारती लागत नाही, इथे स्क्रू उरला तर चाप हलका होतो किंवा घोडा अडकत नाही आणि ते बाहेरून कळतही नाही. कुठे थांबायचं हे माहीत असणं हाही देखभालीचाच भाग आहे.

१ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. बाहेरगावी निघण्यापूर्वी ठेवताना ते पडलं आणि सुटलं, असं त्यावेळी सांगितलं गेलं. त्या दिवशी ऑफिसात जोक्सचा पाऊस पडला. मला हसू आलं नाही. जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो आणि आपटल्यावर तो काडतुसाला ठोसा देऊ शकतो. नव्यांमध्ये त्यासाठी मध्ये आडकाठी असते, पण तीही झिजते, गंजते, तुटते. ती ठीक आहे की नाही हे वर्षातून एकदा जाणकाराने बघितल्याशिवाय कळणार कसं? आणि भरलेलं हत्यार कपाटात ठेवायचंच कशाला?

आता कायद्याचं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम आहेत. २०१६ च्या नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आली, त्यात हत्यार हाताळणं, ठेवणं, त्याची निगा हे सगळं येतं. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली, लग्ना-मिरवणुकीत हवेत बार काढण्याला शिक्षा ठेवली. चांगलंच आहे. पण नानांसारख्यांनी परवाना घेतला २००३ साली. तेव्हा त्यांना चारित्र्य विचारलं, शेती विचारली, गुन्हे विचारले. 'हे उघडता येतं का हो?' असं कोणीही विचारलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक परवानाधारकाला टेबलावर ते रिव्हॉल्व्हर ठेवून सांगावं, रिकामं करून दाखवा. दोन मिनिटांचं काम. ज्याला जमत नाही त्याने शिकून यावं, तोवर हत्यार जमा. गाडीच्या लायसन्सला आठचा आकडा काढायला लावतात, मग इथे का नको?

यावर एक मित्र म्हणाला, "अरे, लोकांना खोलायला-जोडायला शिकवलंस तर उद्या जास्त वापरतील!" मला उलट अनुभव आला. नानांना ते आतून दिसल्यापासून त्यांचा त्याच्यातला रुबाब निघून गेला. आधी पाहुणे आले की एखाद्या वेळी ते बाहेर निघायचं. आता निघत नाही. ज्या वस्तूची काजळी आपण बोटाने काढतो तिचा दिमाख फार टिकत नाही, मग ती हत्यार असो की मोटरसायकल.

आणि 'आमच्याकडे कुठे बंदूक आहे' म्हणणाऱ्यांनो, तुमच्या गावच्या घरात एकदा विचारून बघा. कुणाचे आजोबा, कुणाचे मोठे काका, कुणाचे फौजेतून निवृत्त झालेले मामा. दिवाळीत तुम्ही मुलांना घेऊन त्याच घरात चार दिवस राहता. कपाट कुठलं, किल्ली कोणाकडे, आत काडतुसं वेगळी ठेवली आहेत का, शेवटचं उघडलं कधी, हे चार प्रश्न विचारायला लाज वाटायचं कारण नाही. मी विचारले नव्हते.

*

गेल्या वर्षी नानांना सत्तर पूर्ण झाली. नियमाप्रमाणे सत्तरी गाठल्यावर परवानाधारक आपलं हत्यार वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो, म्हणजे वारसाला पात्र ठरून स्वतःचा परवाना मिळाला तर. नानांनी फोनवर सांगितलं, "कागद काढून ठेवलेत. तुझ्या नावावर करून टाकू. घरातली वस्तू घरात राहिली पाहिजे."

मी आठ दिवस विचार केला. खरं सांगायचं तर मोह झाला. बापाची वस्तू, त्यांच्या हातची. पण मी पुण्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. गावी जाणं दोन महिन्यांतून एकदा. रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर होणार म्हणजे ते परत एकदा कपाटात पडून राहणार, वर्षातून एकदा फूल वाहायला निघणार. म्हणजे गेली सहा वर्षं मी ज्याच्या विरुद्ध नानांशी बोलतोय तेच मी स्वतः करणार. मी नाही म्हणालो. म्हटलं, "नाना, जोवर तुम्ही स्वतः उघडून साफ करताय तोवर ठेवा. ज्या दिवशी कळ दाबायला अंगठ्यात जोर राहणार नाही त्या दिवशी आपण दोघं जाऊन रीतसर जमा करू किंवा परवानाधारक दुकानदाराला विकू."

नाना "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. पुढचे तीन रविवार फोन आईच घेत होती. आमच्या घरात राग हा असाच असतो. त्यांना वाटलं असणार पोराने वारसा नाकारला. मला कसं समजावून सांगावं कळेना, कारण ते थोडंफार खरंच होतं.

परवा, १ ऑक्टोबरला, खंडेनवमीला सायखेड्याला पोचलो. सकाळीच नानांनी ओसरीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. शेजारी ब्रश, चिंध्यांचा गठ्ठा, तेलाची छोटी बाटली. विळे-कोयते आधीच घासून, धार लावून, पुसून ठेवलेले. मी दिसताच म्हणाले, "बस. चिंध्या काप." एवढंच. मी चिंध्या कापल्या. त्यांनी साफ केलं. दोन्ही अंगठ्यांनी कळ दाबताना हात थोडा थरथरत होता, ते मी बघितलं आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. कोणी काही बोललं नाही.

लहानपणापासून मला वाटायचं खंडेनवमी म्हणजे हत्यारांना नमस्कार. पण नमस्काराच्या आधी घासणं, पुसणं, धार लावणं, तेल देणं हे असतंच की. म्हणजे हा मुळात वार्षिक मेंटेनन्सचा दिवस, वर हळदकुंकू नंतर. आपण घासणं सोडलं आणि हळदकुंकू तेवढं ठेवलं. आपल्या ऑफिसात नाही का, लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहतो आणि बॅकअप मात्र दोन वर्षांत तपासलेला नसतो!

पूजेच्या वेळी माझी मुलगी, आता दहा वर्षांची, पाटाजवळ बसली होती. नानांनी रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं ते उघडं, नळी खाली झुकवून, भिंतीकडे करून. सहाही भोकांतून पलीकडचा पाटाचा लाल रंग दिसत होता. आई पळीने पाणी घालायला गेली तर नाना म्हणाले, "पाणी नको त्याला. गंजतं." हळदकुंकू पाटावर वाहिलं, फूल बाजूला ठेवलं. मग त्यांनी नातीला बोलावलं.

"मोज गं. किती भोकं रिकामी?"

तिने वाकून मोजली. "सहा."

"बरोबर. आता नमस्कार कर."

असो. पुढच्या शनिवारी भेटूच. तोवर दिवाळीला गावी जाणार असाल तर ते चार प्रश्न विसरू नका.